एनएलआर ४.८ : रक्ताच्या रिपोर्टावरून पुढचे कळते का?

प्रश्न : माझ्या दिरांना (वय ४६) गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग निघाला आहे. खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) सवय वीस वर्षांची. तुकडा तपासून झाला, सीटी स्कॅन झाले, ऑपरेशनची तारीखही मिळाली. रक्ताच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल ७६ टक्के, लिम्फोसाइट १६ टक्के आणि हिमोग्लोबिन ११.२ आले आहे. इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने मोबाइलवर काहीतरी वाचून ७६ ला १६ ने भागले आणि सांगितले, की हा आकडा चारच्या वर गेला म्हणजे केस अवघड. तेव्हापासून घरात कुणाला धड जेवण गेलेले नाही. एका सीबीसीवरून हे खरेच कळते का? आणि लिम्फोसाइट व रक्त वाढवण्यासाठी आम्ही त्यांना काय द्यावे?
(एक वाचक भगिनी, नागपूर)

उत्तर : ताई, पुतण्याचा भागाकार बरोबर आहे. ७६ भागिले १६ म्हणजे ४.७५, जवळजवळ ४.८. त्याने वाचलेली माहितीही कुणी मनाने रचलेली नाही. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. शेकडो रुग्णांची सरासरी त्याने एका माणसाच्या कपाळी लावली. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. रक्तातल्या आकड्यावरून आजाराचे पुढचे कळते का, हा पहिला. आणि तो आकडा सुधारला तर आजारही सुधारतो का, हा दुसरा. आधी पहिला घेऊ.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी अनेक प्रकारच्या असतात. न्यूट्रोफिल या जंतुसंसर्ग किंवा जखम झाली की सर्वांत आधी धावून जाणाऱ्या पेशी. लिम्फोसाइट जरा सावकाश कामाला लागतात, पण विषाणूने पछाडलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी ओळखून मारण्याचे काम त्यांचे. कर्करोगाशी शरीर जी काही झुंज देते, तिचा मोठा भार या लिम्फोसाइटवर असतो. पहिल्यांच्या संख्येला दुसऱ्यांच्या संख्येने भागले की जे गुणोत्तर येते त्याला डॉक्टर एनएलआर म्हणतात. निरोगी प्रौढ माणसात ते साधारण एक ते तीनच्या दरम्यान असते. यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. भूल देण्याआधी जी सीबीसी करतातच, तिच्यातून ते फुकट मिळते. संशोधकांना त्याचे आकर्षण वाटले त्याचे एक कारण हेच.

कर्करोगात हे गुणोत्तर का वाढते? गाठ वाढत असताना तिच्या पेशी आणि भोवतालच्या सुजलेल्या पेशी काही रसायने रक्तात सोडतात. ती अस्थिमज्जेला जास्त न्यूट्रोफिल तयार करायला लावतात. या वाढीव न्यूट्रोफिलपैकी काही गाठीला उलट मदतच करतात. नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि पेशी इकडेतिकडे पसरायला त्या वाट मोकळी करून देतात. दुसरीकडे, शरीरावरचा ताण आणि कुपोषण यांमुळे लिम्फोसाइट घटतात. वरचा आकडा वाढला, खालचा घटला, म्हणजे भागाकार दोन्हीकडून फुगतो. डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या हजारो रुग्णांचे निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उपचाराआधी हे गुणोत्तर जास्त असलेल्यांचा गट सरासरीने मागे पडलेला दिसला. पुतण्याने वाचले ते हेच असणार.

आता सरासरी म्हणजे काय ते बघा. समजण्यापुरते आकडे घेऊ, हे कुठल्या अभ्यासातले नाहीत. समजा, गुणोत्तर कमी असलेल्या शंभर रुग्णांपैकी ७० जण तीन वर्षांनी ठीक आहेत आणि गुणोत्तर जास्त असलेल्या शंभरांपैकी ५५ जण. संशोधकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, त्यावर शोधनिबंध लिहिता येतो. पण दुसऱ्या गटातही निम्म्याहून अधिक माणसे ठीक आहेत आणि पहिल्या गटातही ३० जण ठीक नाहीत. तुमचे दीर ५५ मधले की ४५ मधले, हे ४.८ हा आकडा सांगू शकत नाही.

शिवाय 'चारच्या वर' ही रेघ आली कुठून? काही अभ्यासांनी ती दोनवर मारली, काहींनी तीनवर, काहींनी पाचवर. पुष्कळदा आधी रुग्णांचे काय झाले ते पाहायचे आणि मग फरक जिथे सर्वांत ठळक दिसतो तिथे रेघ ओढायची, अशी पद्धत असते. अशी रेघ त्या रुग्णालयाच्या त्या रुग्णांना चपखल बसते. दुसऱ्या गावच्या रुग्णांना लावली की ढिली पडते. म्हणूनच सर्वमान्य अशी एकही रेघ आजवर ठरलेली नाही आणि केवळ या आकड्यावरून कुणाचा उपचार बदलला जात नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट : न्यूट्रोफिल कर्करोगानेच वाढतात असे नाही. खर्रा खाणाऱ्याचे तोंड डोळ्यांसमोर आणा. सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर दोरीसारखे ताठ झालेले असते. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटे मावतात, यांच्या तोंडात दीड-दोन बोटेच जेमतेम जातात. मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचत नाही, हिरड्यांत पू साचतो, गाठीवरच्या उघड्या जखमेत जंतू वाढतात. एवढ्याने न्यूट्रोफिल सहज ७५ टक्क्यांच्या पुढे जातात. सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड दिले असेल, तर काही तासांत न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात. म्हणून रक्त कोणत्या आठवड्यात काढले, तेव्हा ताप होता का, दाढ काढली होती का, कुठले औषध चालू होते, हे विचारल्याशिवाय त्या ७६ टक्क्यांना काही अर्थ नाही. तुमच्या पत्रात यातले काही नाही, आणि मोबाइललाही ते कुणी सांगितले नसणार.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो, पुढे पुन्हा घाबरगुंडी उडू नये म्हणून. रेडिएशन सुरू झाले, ज्याला आपल्याकडे बरेचजण 'शेक' म्हणतात, की लिम्फोसाइट भराभर कमी होतात, कारण किरणांपुढे या पेशी फार नाजूक असतात. त्या काळात हाच भागाकार केला तर सहा-आठसुद्धा येईल. तो उपचाराचा परिणाम असतो, आजार वाढल्याची खूण नव्हे. पुतण्याला तेव्हा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला सांगा.

आता हिमोग्लोबिनकडे येऊ. पुरुषाला १३ च्या वर असावे, तुमच्या दिरांचे ११.२ आहे, म्हणजे सौम्य रक्तक्षय. इथे तुमचा दुसरा प्रश्न सुरू होतो आणि त्याचे उत्तर देणारी एक हकिगत वैद्यकशास्त्रात घडून गेली आहे. हिमोग्लोबिन कमी असलेल्या रुग्णांवर रेडिएशनचा परिणाम कमी होतो, हे डॉक्टरांना पूर्वीपासून दिसत होते. कारणही पटण्याजोगे होते. किरणांनी पेशी मरायला आसपास प्राणवायू लागतो. रक्त कमी तर प्राणवायू कमी, म्हणजे गाठ चिवट. मग सरळ उपाय सुचला, की रक्त वाढवा. रक्त तयार करायला लावणारे एरिथ्रोपोएटिन नावाचे इंजेक्शन उपलब्ध होतेच. युरोपात डोके-मानेच्या कर्करोगाच्या ३५१ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली आणि २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. इंजेक्शन घेतलेल्यांचे हिमोग्लोबिन छान वाढले, पण त्यांचा कर्करोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा वाईट निघाले. डेन्मार्कमध्ये रेडिएशनआधी रक्त चढवून पाहिले, त्यानेही निकाल सुधारला नाही.

म्हणजे हिमोग्लोबिन घटणे हे बऱ्याच अंशी आजाराचे लक्षण होते, आजार बळावण्याचे कारण नव्हते. भिंतीला ओल आली म्हणून वरून रंग मारला तर आतली गळती थांबत नाही, तसेच हे. लिम्फोसाइटचेही तसेच समजा. पपईच्या पानांचा रस, बिटाचा रस, गुळवेल, कुणी सांगितलेल्या महागड्या पावडरी, यांतल्या कशानेही एनएलआर उतरवून या कर्करोगातला धोका कमी झाल्याचे सिद्ध झालेले नाही. ऑपरेशनच्या तोंडावर असले काढे तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. काहींनी रक्त गोठण्यावर किंवा यकृतावर परिणाम होतो.

रक्तक्षयाचे कारण मात्र शोधायला हवे, कारण ते कर्करोगाव्यतिरिक्तही असू शकते. महिनोन्महिने तिखट लागते, चावता येत नाही म्हणून माणूस पातळ वरण-भातावर राहिलेला असतो, तेव्हा लोह आणि प्रथिने दोन्ही कमी पडतात. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन जन्मभर कमी असते आणि पांढऱ्या पेशीही एरवी वाढलेल्या असू शकतात. परदेशातल्या रुग्णांवर बेतलेले ठोकताळे अशा माणसाला लावणे साफ चुकीचे ठरेल. (नुसता वाहक असेल तर सहसा रक्तक्षय होत नाही.) घरात कुणाला सिकलसेल असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. भुलेच्या वेळी ही माहिती एनएलआरपेक्षा कितीतरी मोलाची असते.

रिपोर्टात अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचा आकडा असेल तर तोही पाहून ठेवा. अल्ब्युमिन कमी आणि सीआरपी (सूज असली की वाढणारे प्रथिन) जास्त, ही जोडी शरीरात सूज धुमसत असल्याची आणि माणूस खंगत चालल्याची खूण मानतात. ग्लासगोच्या डॉक्टरांनी या दोन आकड्यांवरून गुणांकनाची एक सोपी पद्धत बसवली आणि ती अनेक कर्करोगांत वापरून पाहिली गेली आहे. अल्ब्युमिन म्हणजे निव्वळ आहाराचे मोजमाप, असा समज आहे, तोही अर्धवटच. सूज असली की चांगले खाणाऱ्याचेही अल्ब्युमिन उतरते. त्यामुळे घरी लक्ष ठेवायचे ते वजनावर. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. अंडी, दूध, दही, पनीर, मिक्सरमधून काढलेली डाळ, सातूचे पीठ, जे गिळता येईल ते दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे द्या. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायला सुचवले तर शेवट जवळ आला असे समजून रडारड करू नका. जखम भरून यायला आणि रेडिएशन मध्ये न थांबता पूर्ण व्हायला ती नळी फार उपयोगी पडते.

आणखी काही वाचक विचारतात, की 'कॅन्सर मार्कर'चे पॅकेज करून घ्यावे का. तोंडाच्या कर्करोगासाठी नको. सीईए, सीए १२५, पीएसए हे मार्कर दुसऱ्या अवयवांच्या कर्करोगांसाठी आहेत. एससीसी अँटिजेन नावाचा एक मार्कर या जातीच्या गाठींतून येतो खरा, पण तो त्वचेच्या आणि फुप्फुसांच्या साध्या आजारांतही वाढतो आणि छोट्या गाठीत पुष्कळदा वाढतच नाही. गाल, जीभ, हिरडी यांच्या कर्करोगात नेहमीच्या व्यवहारात भरवसा ठेवावा असा रक्तातला मार्कर आज नाही.

डोके-मानेच्या प्रदेशातच एक कर्करोग मात्र असा आहे, जिथे रक्त खरोखर बोलते. नाकाच्या मागच्या पोकळीतला, म्हणजे नासाग्रसनीचा कर्करोग. दक्षिण चीनमध्ये आणि आपल्याकडे नागालँडसारख्या ईशान्येच्या राज्यांत तो जास्त आढळतो. त्यामागे बहुधा एपस्टाइन-बार नावाचा विषाणू असतो आणि गाठीतल्या पेशी मरताना त्या विषाणूच्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात. हाँगकाँगचे डेनिस लो यांच्या गटाने हे तुकडे मोजण्याची पद्धत १९९९ मध्ये मांडली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वीस हजारांहून अधिक निरोगी पुरुषांचे रक्त तपासले आणि ३४ जणांचा कर्करोग सापडला, त्यातले बहुसंख्य पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच. उपचारानंतर हे तुकडे रक्तात शिल्लक राहिले तर आजार उलटण्याची शक्यता जास्त, हेही तिथे पक्के झाले आहे. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या कर्करोगातही याच वाटेने बरेच काम चालू आहे.

मग आपल्या गालाच्या कर्करोगात हे का जमत नाही? कारण इथे मागे विषाणू नसतो, तंबाखू आणि सुपारी असते. विषाणूचा डीएनए सगळ्या रुग्णांत सारखा, म्हणून एकच चाचणी सगळ्यांना चालते. तंबाखूने केलेली मोडतोड प्रत्येकात वेगळी असते. आधी त्या माणसाच्या गाठीचा जनुकीय नकाशा काढायचा, मग तोच बिघाड त्याच्या रक्तात शोधायचा, असे दुहेरी काम पडते. ते महाग आहे, अजून संशोधनाच्या पातळीवर आहे, आणि तुम्ही त्यामागे धावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचा अंदाज बांधायचाच असेल तर तो रक्तापेक्षा गाठीत आणि मानेत दडलेला असतो. ऑपरेशननंतर साधारण आठ-दहा दिवसांनी पॅथॉलॉजीचा सविस्तर रिपोर्ट येईल. त्यात तीन गोष्टी बघा. गाठ किती मिलिमीटर खोल गेली होती : पाचपर्यंत, पाच ते दहा, की दहाच्या पुढे. मानेतल्या किती लसिका ग्रंथींत कर्करोग सापडला आणि ग्रंथीचे कवच फोडून तो बाहेर आला होता का. आणि कापलेल्या कडा स्वच्छ होत्या का. टप्पा ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत खोली आणि कवच फुटणे या दोन गोष्टी आठव्या आवृत्तीपासून मुद्दाम घातल्या, इतके त्यांचे वजन आहे. त्या पद्धतीत एनएलआरला कुठेही जागा नाही.

मानेचे महत्त्व किती, हे तर आपल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयानेच जगाला दाखवले. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या सुमारे ५०० रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या ग्रंथी काढल्या, दुसऱ्यात मानेत गाठ दिसली तरच काढल्या. २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये निकाल छापून आला : तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. म्हणून मान वरून बरी दिसत असतानाही सर्जन ती उघडायची म्हणाले तर 'उगाच मोठे ऑपरेशन' असे समजू नका.

आता खर्ऱ्याबद्दल. भारतीय पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे, आणि नागपुरात तर १९८० पासून कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी चालू असल्याने हे चित्र आपल्याला जुनेच ओळखीचे आहे. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून घोटला जाणारा तो ऐवज. तंबाखू नसलेला खर्रा चालतो, असे अजूनही ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवले आहे. 'आता झालाच आहे तर सोडून काय उपयोग' हेही खरे नाही. वीस वर्षे तोच खर्रा दुसऱ्या गालालाही लागला आहे, तिथे नवा कर्करोग उठू शकतो. धूम्रपानाबाबत तर मोजदाद झालेली आहे : १९९३ सालच्या कॅनडातल्या अभ्यासात रेडिएशन चालू असतानाही सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्णांत गाठ पूर्ण विरघळली, सोडलेल्यांत किंवा न ओढणाऱ्यांत ७४ टक्क्यांत. दीर बिडी-सिगारेटही घेत असतील तर ती आजच बंद व्हायला हवी.

तुमच्या दिरांच्या रक्ताच्या इतर आकड्यांना मात्र पुढे खरे काम आहे. केमोथेरपीत सिस्प्लॅटिन द्यायचे ठरले तर क्रिएटिनिनवर नजर ठेवतात, कारण ते औषध मूत्रपिंडाला जड जाते. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही. आणि मानेला रेडिएशन दिल्यानंतर थायरॉइड हळूहळू मंदावते, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायची असते. वर्षा-दोन वर्षांनी थकवा आला, वजन वाढले, की घरचे 'आजार उलटला' म्हणून धास्तावतात, आणि पुष्कळदा कारण थायरॉइड असते, त्यावर एक छोटी गोळी पुरते.

पुतण्याला आकड्यांत गती आहे, तर त्याच्याकडे तारखांचे काम द्या. ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार असेल तर ते सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावे, असा दंडक आहे. उशीर झाला तर निकाल बिघडतो, आणि हा उशीर काही वेळा घरच्यांच्या धावपळीतही होतो. त्याआधी किडलेल्या दाढा काढून जखम भरायला दोन-तीन आठवडे जावे लागतात, म्हणून दाताच्या डॉक्टरांना ऑपरेशनआधीच दाखवून घ्या. शक्य झाले तर दाढा त्याच भुलेत काढता येतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घेणार असाल तर रेडिएशनची मंजुरी वेगळी लागते. रेशनकार्ड, आधारकार्ड, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती आधीच काढून ठेवा. राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय असो, शासकीय मेडिकल कॉलेज असो की जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, तिथे मध्य प्रदेश-छत्तीसगडपासून माणसे येतात आणि यंत्रावर नंबर लागायला वेळ जातो. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात पडला की टाके निघायची वाट न पाहता त्याच दिवशी रेडिएशन विभागात नाव नोंदवायला जा.